सहा ठिपके, पंधरा रेषा

३ मार्च, सोमवार

नोकरीत पस्तीस वर्षं नोंदवही भरली. पाण्याच्या लाइनवरची कुठली चावी किती वाजता उघडली, किती वाजता बंद केली, प्रेशर किती होतं. त्यापलीकडे कधी काही लिहिलं नाही. आज लिहायला बसलो, कारण घरात बोलायला कुणी नाही. ही आहे, पण भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

मुलगी जाऊन एकोणीस दिवस झाले. वर्गात शिकवता शिकवता पडली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांची होती.

सकाळी तिच्या क्लासच्या संचालकांचा फोन आला. "काका, मॅडमचं कपाट रिकामं करून हवं होतं. नव्या मॅडम येतायत. घाई नाही, पण या आठवड्यात जमलं तर बघा." हिला म्हणालो, चल. ही म्हणाली, "तुम्हीच जा. तुम्ही ती जागा पाहिलेली नाही." जशी काही हिने पाहिली आहे.

सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या दुकानावर दोन खोल्या. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्यासाठी भिंतीला चिकटून उभं राहायचं. मी तसा उभा होतो तेव्हा तीन-चार विद्यार्थी खाली उतरले. सगळे चांगले मोठे, नोकरी करणारे. "मॅडमचे वडील," असं कुणीतरी हळूच म्हणालं. कपाटात एक शाल, रिकामा डबा, वायरींना टोकं बसवायची पकड, एक जाड वही. आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी, अर्धी संपलेली. संचालक म्हणाले, "अधूनमधून म्हणायच्या खऱ्या, डोकं ठणकतंय म्हणून."

एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवतो. मी तिच्याशी तीन वर्षं बोललो नव्हतो. ती आमच्याच पाणीपुरवठा खात्यात कॉम्प्युटरवर होती, मीच शब्द टाकून तिला चिकटवलं होतं. आणि चौकशी लागली तेव्हा तिने माझ्याविरुद्ध जबाब दिला. सख्ख्या बापाविरुद्ध. मग नोकरी सोडून गेली. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

५ मार्च, बुधवार

वही वाचायची नाही असं ठरवलं होतं. वाचली.

कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे याचे धडे आहेत. बस, स्टार, रिंग असे प्रकार. प्रत्येकाला चित्र, चित्राखाली फायदे-तोटे आणि समासात एखादं रोजच्या जगण्यातलं उदाहरण. अक्षर अजून तसंच, शाळेत होतं तसं, उजवीकडे कललेलं. शेवटचा धडा मेश नावाचा. त्याचं उदाहरण रिकामं आहे. त्या जागी लिहिलंय:

"बाबांना विचारायचं. जुन्या वस्तीत मुख्य लाइन फुटली की घरोघरचं पाणी बंद का पडत नाही? उदाहरण फक्कड होईल. आईला नको, ती निरोपात घोळ घालते. फिटरकाकांमार्फत?"

चार वेळा वाचलं. शहाणी ती. एवढं साधं तिला विचारता आलं नसतं का मला? आणि आईला कशी विचारणार होती? आईही बोलत नव्हती तिच्याशी. मीच हिला शपथ घातली होती.

६ मार्च, गुरुवार

गुरुवारी ही बहिणीकडे जाते. तीन वर्षांचा नेम. आज बऱ्याच दिवसांनी उठून साडी बदलली, पिशवी घेतली आणि खाटेवरच बसून राहिली. दुपार झाली तरी पिशवी मांडीवर.

"जाऊन ये की. बरं वाटेल."

"आता कुणाकडे जाऊ?" म्हणाली.

"बहिणीकडे. अजून कुणाकडे?"

ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. दुःखाने माणसाला भान राहत नाही. संध्याकाळी मेव्हणीचाच फोन आला, "अहो, किती महिन्यांत ती फिरकली नाही इकडे, कशी आहे?" म्हणजे तिलाही भान नाही.

११ मार्च, मंगळवार

पुन्हा क्लासला गेलो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. पण प्रश्न कशासाठी विचारलाय ते समजल्याशिवाय उत्तर कसं द्यायचं? आणि द्यायचं कुणाला, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तिच्या वर्गातल्या एका बाई भेटल्या. चाळिशीच्या, जाड चष्मा, दिवसा दातांच्या दवाखान्यात कागदपत्रं बघतात. इथे चष्मेवालीच लिहितो. म्हणाल्या, "काका, मॅडम मेशच शिकवत होत्या त्या दिवशी. मी फळ्याचा फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचने फळा पुसून टाकला." फोन पुढे केला. गोलात सहा ठिपके आणि त्यांच्यात रेषा. मी मोजल्या. अकरा. अकरावी रेषा ठिपक्यापर्यंत पोचत नाही. अर्ध्यातून खाली घसरली आहे.

फोन परत दिला. बाकावर बसलो. चष्मेवालीने पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही. बाई समजूतदार आहे.

मग तिने कागदावर ठिपके काढून समजावलं. "स्टारमध्ये सगळ्यांच्या वायरी मधल्या एका डब्याला जातात. तो डबा बिघडला की सहाही मुके. मेशमध्ये प्रत्येकाची प्रत्येकाशी वायर."

"मग वायरी किती लागतील?"

"मोजा तुम्ही."

मी काढत गेलो. एकदा चौदा आल्या, एकदा सतरा. ती हसली. "एका ठिपक्यातून पाच निघतात. सहा पंचे तीस. पण तुमच्याकडून मोजलेली वायर माझ्याकडूनही मोजली गेली. म्हणून निम्म्या. पंधरा."

"एवढी वायर घालायची ऐपत कुणाची असते?"

"फार कमी जणांची. बाकीचे अर्धवट मेश करतात. जिथे जीव अडकलाय तिथे दोन-तीन वाटा ठेवायच्या, बाकी एकेक."

"आणि एखादी वायर कुणी कापली?"

"निरोप दुसऱ्या वाटेने जातो. वळसा पडतो, थोडा उशीर होतो. पण पोचतो. घेणाऱ्याला तर कळतही नाही कुठून आला."

मी म्हणालो, आमच्या धंद्यात असं चालत नाही. पाणी टाकीतून निघतं आणि नळाला येतं, वाट एकच. बोलून गेलो आणि जिना उतरताना माझं मलाच हसू आलं. जुन्या वस्तीत नेमकं तसं नाही. तेच तर तिने विचारलं होतं.

१९ मार्च, बुधवार

फिटरकडे गेलो. तीस वर्षांचा जोडीदार. मी चावी फिरवायची आणि त्याने पाइप जोडायचा. वही दाखवली. तो वाचत असताना त्याचा कान लाल झाला.

"तुझ्याकडे यायची ती?"

"यायची. म्हणजे, कधीतरी. पाइप बघायला. क्लाससाठी."

"तू बोललास तिच्याशी?"

"माझं काय भांडण होतं तिच्याशी?"

बरोबर आहे, त्याचं नव्हतं. राग आला, पण गिळला. मग म्हणालो, तू मला निवृत्तीला दिलेलं बीपीचं मशीन बंद पडलंय, कुठून घेतलंस सांग, दुरुस्त करून आणतो. तर याला दुकान आठवेना. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांची वेळ यानेच घेऊन दिली होती, त्या डॉक्टरांचं नावही आठवेना. फिटर माझ्याहून चार वर्षांनी लहान. आतापासून हे असं असेल तर कठीण आहे.

निघताना दारापर्यंत आला. म्हणाला, "अरे, तुझ्या पोरीसारखी पोर मी पाहिली नाही. तेवढंच सांगतो. बाकी वहिनींना विचार."

वहिनींना काय विचारायचं?

२२ मार्च, शनिवार

चौकशीच्या वेळी मी मुलीचा नंबर फोनमध्ये बंद करून टाकला होता. फोनच्या दुकानातल्या माणसाकडून करून घेतलं होतं. तिने फोन केला तरी माझा वाजणार नाही, असं. आठवडाभर डोक्यात एकच. तीन वर्षांत किती वेळा केला असेल? पन्नास? शंभर? रविवारी करत असेल. माझ्या वाढदिवसाला तर नक्कीच.

चष्मेवालीला म्हणालो, हे बघता येतं का? म्हणाली, तुमच्या फोनमध्ये बंद केलेल्या नंबरांच्या कॉलची यादी असते. खटपट करून उघडली. यादीत कर्ज देणाऱ्यांचे दोन-चार नंबर.

"मुलीचा नाही?"

"नाही, काका." चष्मा काढून पुसला. "एकदाही नाही."

तीन वर्षं मी दार लावून, कडी घालून, दाराला पाठ टेकून बसलो होतो. आणि ते कुणी वाजवलंच नव्हतं.

२३ मार्च, रविवार

सकाळी हिला सांगितलं. म्हणालो, बापाला एक फोन करावासा वाटला नाही तिला, आणि तू रडतेस.

ही स्वयंपाकघरात होती. गॅस बंद केला. हात पुसले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, या आवाजात ही माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"तिला माहीत होतं तुम्ही उचलणार नाही. कशाला करेल? तिला काय हवं होतं ते तिला मिळत होतं."

"काय हवं होतं?"

"तुम्ही जेवलात का. झोप लागते का. गुडघा कसा आहे. दर गुरुवारी विचारायची."

गुरुवारी.

मग एकेक निघत गेलं. बहिणीकडे ही तीन वर्षांत दोनदा गेली असेल. दर गुरुवारी क्लासच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात दोघी बसायच्या. बीपीचं मशीन तिने घेतलेलं. डोळ्याचे डॉक्टर तिने शोधलेले. हिवाळ्यात मेव्हणीने दिलेला स्वेटर, घरमालकाने आपणहून करून दिलेला जिन्याचा कठडा, तेही तिचंच. मी त्या प्रत्येकाचे आभार मानले होते. फिटरला तर मिठी मारली होती.

"सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत."

"हो," ही म्हणाली. "तिचीच अट होती. कळलं तर घेणार नाहीत म्हणायची."

दिवसभर घराबाहेर राहिलो. कुठे कुठे चाललो ते आठवत नाही. परत आलो तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं.

२६ मार्च, बुधवार

इथे खरं लिहायला हवं. वही माझी आहे, वाचणारं कुणी नाही, तरी तीन दिवस पेन उचलवत नव्हतं.

जुन्या वस्तीतली लाइन तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या टोकाला फुटली, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. तिथल्या पाइपांचं जाळं आहे. एकाच जागी चार बाजूंनी पाणी येतं. म्हणून एक पाइप गेला तरी घरं कोरडी पडत नाहीत. पण त्याच कारणाने, फुटलेल्या जागी पाणी थांबवायचं तर चारही चाव्या बंद कराव्या लागतात. मी तीन केल्या. चौथी, चौदा नंबरची, लांब होती. उन्हात फिरून दमलो होतो. वाटलं, तीन बंद आहेत, प्रेशर आपोआप पडेल. जेवायला गेलो. जेवून जरा आडवा झालो. चौदा नंबर बंद केली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तोवर तिथल्या छापखान्याची भिंत खचली होती आणि बाइंडिंग करणाऱ्या एका बाईंचा पाय तिच्याखाली सापडला होता.

नोंदवहीत मी एक वीस लिहिलं.

ऑफिसातला कॉम्प्युटर प्रेशर आपोआप टिपतो. त्यात दोन दहा होतं. चौकशीत तिला विचारलं, ही वेळ बरोबर आहे का? ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, बरोबर आहे.

तिच्या या जबाबाचं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पुढचं नाही. दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं की कॉम्प्युटरमधली वेळ मुलीने बदलली. घरात तिच्या लग्नावरून वाद होता, त्याचा राग धरून बदलली. असा काही वाद नव्हता. साहेबांना प्रकरण मिटवायचं होतं. मी जुना माणूस, निवृत्तीला सहा महिने. तिला काढून टाकलं. ती नोकरी सोडून गेली नाही. मी तिला घालवली.

तिने त्यावर एक अक्षर लिहून दिलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

क्लासमध्ये बोललो. नव्या मॅडमनी वीस मिनिटं दिली. अकरा जण होते, चष्मेवाली पहिल्या बाकावर.

खडू हातात घेतला. जुन्या वस्तीचा नकाशा काढला. टाकी, बाजार, शाळा, छापखाना. पाइप काढले, चाव्यांचे नंबर घातले. अजून सगळे पाठ आहेत. म्हणालो, "तुमच्या मॅडमनी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर देतो." लाइन इथे फुटली तर पाणी शाळेच्या बाजूने येतं, तिथे फुटली तर टेकडीच्या बाजूने. वळसा पडतो, नळाची धार बारीक होते, पण घर कोरडं राहत नाही. सगळे लिहून घेत होते. एकाने विचारलं, "मग यात तोटा काय?"

"तोटा म्हणजे, थांबवायचं ठरवलं तरी थांबत नाही," मी म्हणालो. आणि मग छापखान्याचं सांगितलं. चौदा नंबरचं. एक वीस आणि दोन दहा. लेखी काय दिलं तेही. बोलताना मी फळ्याकडेच बघत होतो.

नव्या मॅडमनी माझ्या हातातून खडू काढून घेतला, हळूच, लहान मुलाच्या हातातून घ्यावा तसा.

जिन्यात चष्मेवाली मागून आली. वाटलं होतं, सांत्वन करेल. म्हणाली, "हे आम्हाला सांगून काय उपयोग, काका? आम्ही मॅडमवर कधी संशय घेतलाच नव्हता. ज्यांनी घेतला त्यांना सांगा."

२ एप्रिल, बुधवार

ऑफिसला गेलो. साहेब नवीन आहेत. मी अर्ज पुढे ठेवला. कॉम्प्युटरमधली वेळ खरी होती, नोंदवहीतली खोटी होती, माझ्या मुलीने काहीही बदललं नव्हतं, माझं लेखी निवेदन खोटं होतं.

त्यांनी दोनदा वाचलं. "आजोबा, फाइल तीन वर्षांपूर्वी बंद झाली. आता तुम्हाला त्रास होईल आणि मुलीला उपयोग काही नाही. त्या कुठे असतात सध्या?"

सांगितलं.

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "घेऊन जा परत. मी पाहिलाच नाही समजा."

मी म्हणालो, "माझ्यावर उपकार करायला एकदा एक साहेब तयार झाले होते. त्याचंच हे झालंय. तुम्ही आवक नंबर टाका."

नंबर पडला. शिक्का मारलेली प्रत घेऊन छापखान्यावरून चालत आलो. त्या बाई दारात कागद घडी घालत बसल्या होत्या, काठी शेजारी टेकवलेली. थांबलो. नाव सांगितलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी घडी पूर्ण केली, मग वर पाहिलं. म्हणाल्या, "जा तुम्ही." गेलो.

७ एप्रिल, सोमवार

प्रत हिला दाखवायला पाच दिवस लागले. आज दिली. चष्मा लावून खिडकीशी उभी राहून वाचली. मला वाटलं, आता तरी काही म्हणेल. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

घडी घालून परत दिली. "मला माहीत होतं. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं."

"आणि तू माझ्याबरोबर राहिलीस?"

"मी निघून येते म्हणाले होते. तिनेच येऊ दिलं नाही." मग खुर्चीत बसली. "म्हणाली, आई, मला कुठेही काम मिळेल. बाबांना त्या वयात काढून टाकलं असतं तर ते कुठे गेले असते? लिहिलं ते बरंच झालं."

लिहिलं ते बरंच झालं. असं म्हणाली ठकी. तीन वर्षांत तिला या नावाने मनातल्या मनातसुद्धा हाक मारली नव्हती.

मी रडलो. हिच्यासमोर पहिल्यांदा. हिने पाठीवर हात ठेवला नाही आणि उठूनही गेली नाही. समोर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने विचारलं, "अजून काय म्हणायची?"

"तीन वर्षांचं आहे. एका दिवसात कसं सांगू?"

"रोज थोडं सांग."

ही माझ्याकडे बघत राहिली. सांगावं की नाही असा विचार करत असावी. हिचा तो हक्क आहे.

मग म्हणाली, "पहिल्या गुरुवारी ती उशिरा आली होती. नवी चप्पल चावत होती, म्हणून हातात घेऊन चालत आली. दुकानातले सगळे बघत होते, पण तिला काही नाही. बसली आणि म्हणाली, आई, आधी मला काहीतरी खायला घाल..."